एका जागेचे दोन धनी

वाचकहो, गावच्या कबड्डीच्या संघात सात गडी मैदानात उतरतात आणि बाकीचे रेषेबाहेर मांडी घालून बसतात. कोणी उतरायचे आणि कोणी बसायचे, यावरून रुसवेफुगवे होतात. कधी कधी भावकीही मध्ये येते. हे काही आपल्याकडेच घडते असे नाही. २००१ साली अमेरिकेतल्या एका धंदेवाईक फुटबॉल संघापुढे असाच पेच उभा राहिला होता. खेळ परका, माणसेही परकी. पण प्रश्न मात्र आपल्या चांगला ओळखीचा आहे. एखाद्या जागेवर वर्षानुवर्षे काम केलेला माणूस कामावर असतानाच जखमी होतो. त्याच्या जागी तात्पुरता बसवलेला तरुण ते काम बरे करू लागतो. पुढे जुना माणूस बरा होऊन परत येतो. आता ती जागा कोणाची? एकाने आठ वर्षे राबून मिळवलेली, की दुसऱ्याने आठ आठवड्यांत सांभाळून दाखवलेली?

गोष्ट नीट कळायची तर आधी तो खेळ थोडासा समजून घ्यायला हवा. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो आपण पायाने खेळतो तो फुटबॉल नव्हे. त्यांचा चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो आणि तो बहुधा हातातूनच नेतात, नाही तर हाताने फेकतात. मैदान १०० यार्डांचे, म्हणजे आपल्या भाषेत १०० वारांचे. एका बाजूला ११ गडी. ज्यांच्याकडे चेंडू असेल त्यांना चार प्रयत्नांत निदान १० वार पुढे सरकायचे असते. सरकले तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू बहुधा समोरच्यांकडे जातो. चेंडू शेवटच्या रेषेपार नेला की ६ गुण आणि दूरवरून लाथेने दोन खांबांच्या मधून उडवला की ३ गुण.

आता यातली मुख्य गोष्ट. प्रत्येक प्रयत्नाच्या सुरुवातीला चेंडू जवळजवळ नेहमी एकाच गड्याच्या हातात येतो. त्याला म्हणतात क्वार्टरबॅक. त्याच्यापुढे पाच दांडगे गडी भिंतीसारखे उभे असतात आणि ती भिंत फोडून त्याला पाडायला समोरचे धावून येतात. त्याच्यापाशी वेळ असतो तो तीन-चार सेकंदांचा. तेवढ्यात चेंडू कोणाकडे फेकायचा, कोणाच्या हातात द्यायचा, की स्वतःच घेऊन पळायचे, हे त्याने ठरवायचे. बाकीचे दहाजण त्याच्या अंदाजाने धावत असतात. बैलगाडीत माणसे कितीही बसोत, कासरा एकाच्या हातात असतो ना, तसेच हे.

एका गाडीचा कासरा दोघांच्या हातात दिला तर काय होते, हे या खेळाने एकदा पाहिलेले आहे. १९७१ साली डॅलस काउबॉइज या संघाकडे क्रेग मॉर्टन आणि रॉजर स्टॉबॅक असे दोन तोलामोलाचे क्वार्टरबॅक होते. प्रशिक्षक टॉम लँड्री हे मोठे विचारी गृहस्थ. पण त्यांचाही निर्णय होईना. ३१ ऑक्टोबरला शिकागोच्या सामन्यात त्यांनी एका प्रयत्नाला एक, तर दुसऱ्या प्रयत्नाला दुसरा, असे आळीपाळीने दोघांना खेळवले. सामना हातचा गेला. मग लँड्री यांनी मन घट्ट करून स्टॉबॅकला नेमले आणि तो संघ त्यापुढचे दहाच्या दहा सामने जिंकला. त्यांतला शेवटचा सामना होता अजिंक्यपदाचा, ज्याला तिकडे सुपर बोल म्हणतात तो. तेव्हा दोघांनाही खूश ठेवण्याचा मार्ग या जागेपुरता तरी बंद आहे, हे लक्षात ठेवून आपण पुढे जाऊ.

आपली गोष्ट आहे न्यू इंग्लंड पेट्रियट्स या संघाची. अमेरिकेच्या ईशान्येला मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टन शहराजवळ फॉक्सबरो म्हणून गाव आहे. तेथे त्यांचे मैदान. १९६० पासून हा संघ खेळत होता, पण २००१ पर्यंत त्याला सुपर बोल एकदाही जिंकता आला नव्हता. संघाचा क्वार्टरबॅक होता ड्रू ब्लेडसो. १९९३ साली नव्या खेळाडूंच्या निवडीत साऱ्या देशातून पहिल्या क्रमांकावर त्याचे नाव पुकारले गेले होते. उंचापुरा गडी, हातात भलती ताकद. डबघाईला आलेल्या संघात तो आला आणि १९९७ च्या जानेवारीत त्याने संघाला सुपर बोलपर्यंत नेले. तो सामना मात्र ग्रीन बेने जिंकला. १९९८ साली उजव्या हाताचे, म्हणजे फेकीच्याच हाताचे बोट मोडलेले असताना त्याने सामना जिंकून दिला होता. २००१ च्या मार्चमध्ये संघाने त्याच्याशी १० वर्षांचा, १० कोटी ३० लाख डॉलरचा करार केला. जागा कोणाची, हा प्रश्न तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हता.

दुसरा गडी टॉम ब्रेडी. हा कॅलिफोर्नियाचा. मिशिगन विद्यापीठात शिकताना त्याला आधी दुसऱ्यांच्या मागे बसून राहावे लागले. शेवटची दोन वर्षे जागा मिळाली, तीही धड नाही. १९९९ च्या हंगामात काही सामन्यांत प्रशिक्षकांनी पहिला भाग त्याला आणि दुसरा भाग ड्रू हेन्सन या दुसऱ्या मुलाला द्यायचा, आणि उरलेला सामना ज्याचा खेळ चांगला दिसेल त्याला, असा क्रम ठेवला होता. म्हणजे दर आठवड्याला नव्याने परीक्षा! पुढे धंदेवाईक संघांच्या पाहणीत त्याला ४० वार धावायला ५.२८ सेकंद लागली. अंगाने किडकिडीत आणि पायाने मंद, असा त्याच्यावर शेरा बसला. २००० सालच्या निवडीत एकंदर २५४ खेळाडू घेतले गेले. त्यांत याचे नाव आले १९९ वे. त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले होते.

त्याला संघात आणण्यामागे ज्यांचा आग्रह होता, त्यांचे नाव सहसा कोणी घेत नाही. ते होते पेट्रियट्सच्या क्वार्टरबॅकचे प्रशिक्षक डिक रेहबाइन. त्यांनी मिशिगनला जाऊन या मुलाला पाहिले होते, आणि घ्यायचा तर हाच, असे त्यांनी परत येऊन सांगितले होते.

आता येथे हिशेबाचा भाग येतो आणि तो महत्त्वाचा आहे. हंगाम सुरू झाला की प्रत्येक संघाला आपल्या मुख्य यादीत ५३ खेळाडूच ठेवता येतात. शिवाय १९९४ पासून साऱ्या खेळाडूंच्या मिळून पगारावर मर्यादा आहे. २००१ साली ती प्रत्येक संघाला सुमारे पावणेसात कोटी डॉलर होती. म्हणजे माणसेही मोजकी आणि पैसाही मोजका. एकाला ठेवायचे म्हणजे दुसऱ्याला घरी पाठवायचे. म्हणून बहुतेक संघ क्वार्टरबॅक ठेवतात दोन, फार तर तीन. पेट्रियट्सनी २००० साली चार ठेवले! ब्लेडसो, जॉन फ्रीझ, मायकेल बिशप आणि चौथा ब्रेडी. त्या वर्षी १६ सामन्यांपैकी ११ हरलेल्या संघाने, इतर ठिकाणी गडी कमी पडत असताना, एक जागा अशा मुलावर खर्च केली, की ज्याने साऱ्या हंगामात केवळ तीन फेकी केल्या आणि त्यांतली एकच लागू पडली.

शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. घरात खायची ददात असली तरी बियाण्याची कणगी तो फोडत नाही. ती चौथी जागा म्हणजे अशीच कणगी होती. ब्रेडीने ते वर्ष वाया घालवले नाही. त्याने अंगात ताकद आणली, संघाचे डावपेच पाठ केले आणि २००१ च्या उन्हाळ्यातील सरावात डेमन ह्यूअर्ड या अनुभवी खेळाडूला मागे टाकून ब्लेडसोच्या पाठची दुसरी जागा मिळवली. पण ज्यांनी त्याला हेरले होते, त्या रेहबाइन यांना हे पीक पाहायला मिळाले नाही. ऐन सरावाच्या दिवसांत, ६ ऑगस्ट २००१ रोजी, हृदयविकाराने ते गेले. वय अवघे ४५.

हंगामाचा पहिला सामना पेट्रियट्स हरले. त्यानंतर ११ सप्टेंबरला न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनवर हल्ले झाले आणि आठवडाभर खेळ बंद राहिले. २३ सप्टेंबरला न्यूयॉर्क जेट्सशी सामना झाला. सामना संपत आला होता. चेंडू घेऊन कडेच्या रेषेकडे धावणाऱ्या ब्लेडसोवर समोरच्या संघाचा मो लुईस येऊन आदळला. तो आघात इतका जबर होता की ब्लेडसोच्या छातीतली रक्तवाहिनी फाटली आणि आत रक्त साचू लागले. बाहेरून काही दिसेना. तो आणखी थोडा वेळ खेळलासुद्धा! मग त्याला बाहेर काढले आणि उरलेल्या मिनिटांसाठी ब्रेडीला आत पाठवले. सामना गेलाच. ब्लेडसोला रुग्णालयात नेले, तेव्हा त्याच्या जिवावरच बेतले होते, हे कळून चुकले.

दोन सामने झाले, दोन्ही हरले, आणि मुख्य गडी खाटेवर. अशा वेळी २४ वर्षांच्या ब्रेडीच्या हातात कासरा आला. त्याने काही चमत्कार केला, असे मात्र समजू नका. पहिला सामना संघाने ४४-१३ असा जिंकला, पण पुढच्याच आठवड्यात मायामीने ३०-१० असे लोळवले. डेन्व्हरच्या सामन्यात तर शेवटच्या भागात त्याचे चार चेंडू प्रतिपक्षाने झेलले. तरी एकंदरीत गाडी रुळावर आली होती. त्याच्या पहिल्या आठ सामन्यांत पाच विजय होते.

नोव्हेंबरच्या मध्यास डॉक्टरांनी ब्लेडसोला खेळायची परवानगी दिली. लगेच १८ नोव्हेंबरला सेंट लुईस रॅम्स या त्या वेळच्या फार बलाढ्य संघाने पेट्रियट्सना २४-१७ असे हरवले. आता पाच विजय आणि पाच पराभव, असा काटा मध्यावर आला. एकीकडे दहा कोटींचा, बरा झालेला, लोकांचा लाडका ब्लेडसो. दुसरीकडे १९९ व्या क्रमांकाचा, नुकताच हरलेला ब्रेडी. निर्णय करायचा होता मुख्य प्रशिक्षक बिल बेलिचिक यांना.

या बेलिचिक यांना अशा निर्णयाची झळ पूर्वी बसलेली होती. ते क्लीव्हलँड ब्राउन्सचे प्रशिक्षक असताना, १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये, त्यांनी बर्नी कोझार या क्वार्टरबॅकला संघातून काढून टाकले होते. कोझार त्याच ओहायो राज्यातला, लोकांच्या गळ्यातला ताईत. आता याच्याकडून काम होत नाही, असे बेलिचिक यांचे मत. लोक भयंकर चिडले. त्या वर्षी क्लीव्हलँडचा संघ बाद फेरीतही पोचला नाही, उलट डॅलसने कोझारला राखीव म्हणून घेतले आणि डॅलस अजिंक्य ठरले! १९९६ च्या सुरुवातीला बेलिचिक यांची ती नोकरीही गेली. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. बेलिचिक यांनी येथे ब्लेडसोला बसवले असते, तर कोणी त्यांना बोल लावला नसता.

त्यांनी ब्रेडीचे नाव जाहीर केले, तेही उरलेल्या साऱ्या हंगामासाठी. त्यांचे कारण साधे होते. आठवड्यात सरावाला वेळ ठरलेला असतो. तो दोघांत वाटला तर एकही पुरता तयार होत नाही. काटा मध्यावर असताना रोज नवा विचार करत बसण्यापेक्षा एकाला पूर्ण वेळ द्यावा, असे त्यांनी ठरवले. ब्लेडसोला हे लागले. बरा झाल्यावर आपली जागा परत मिळवण्यासाठी झगडायची संधी तरी मिळेल, असे तो धरून चालला होता. ती मिळाली नाही, हे दुःख त्याने लपवले नाही. पण त्याने संघात दुफळी माजवली नाही, आणि सरावाला दांडीही मारली नाही. त्यानंतर पेट्रियट्सनी उरलेले सहाही सामने जिंकले.

बाद फेरीत फॉक्सबरोच्या जुन्या मैदानावर, भर हिमवर्षावात त्यांनी ओकलंडला १६-१३ असे हरवले. मग २७ जानेवारी २००२ रोजी पिट्सबर्गचा सामना आला. हा जिंकला तर सुपर बोल. दुसऱ्या भागात ब्रेडीचा घोटा दुखावला आणि तो लंगडत बाहेर आला. कोणाला पाठवायचे? अर्थात ब्लेडसोला. सप्टेंबरनंतर त्याने एकही सामना खेळलेला नव्हता. आत येताच थोड्याच वेळात कडेच्या रेषेजवळ त्याला तसाच जोराचा धक्का बसला, जसा चार महिन्यांपूर्वी बसला होता. पाहणाऱ्यांच्या काळजात चर्र झाले. तो उठला आणि त्याच चढाईत त्याने ११ वारांची फेक करून डेव्हिड पॅटनकडून गुण मिळवले. पेट्रियट्सनी तो सामना २४-१७ असा जिंकला. सामना संपल्यावर ब्लेडसोच्या डोळ्यांतून पाणी आले.

आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच प्रश्न! अजिंक्यपदाला न्यायचे कोणाला? बेलिचिक यांनी घोटा बरा झाल्याची खात्री करून घेतली आणि पुन्हा ब्रेडीलाच नेमले.

३ फेब्रुवारी २००२ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे सामना झाला. समोर तेच सेंट लुईस रॅम्स. रॅम्स १४ गुणांनी जिंकतील, असा जाणकारांचा अंदाज होता. शेवटचे दीड मिनिट उरले असताना १७-१७ अशी बरोबरी झाली. पेट्रियट्सपाशी चेंडू होता, पण तो मैदानाच्या अगदी मागच्या टोकाला. घड्याळ थांबवण्याची एकही सवलत शिल्लक नव्हती. आता धोका पत्करू नये, जादा वेळेची वाट पाहावी, असे दूरचित्रवाणीवर समालोचन करणारे जॉन मॅडन यांनीसुद्धा सांगितले. पेट्रियट्स थांबले नाहीत. ब्रेडीने छोट्या छोट्या फेकींनी, उतावळेपणा न करता चेंडू पुढे नेला, आणि अखेरच्या क्षणी अ‍ॅडम व्हिनाटिएरीने ४८ वारांवरून तो खांबांच्या मधून उडवला. २०-१७! संघाचे पहिले अजिंक्यपद. सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू ठरला ब्रेडी.

दोनच महिन्यांनी, एप्रिल २००२ मध्ये, संघाने ब्लेडसोला बफलोच्या संघाकडे देऊन टाकले आणि बदल्यात पुढच्या वर्षीच्या निवडीतला पहिल्या फेरीतला एक क्रमांक घेतला. पुढे तो डॅलसकडून खेळला. तेथेही २००६ साली, एका सामन्याच्या मध्यंतरात, त्याची जागा टोनी रोमो या तरुणाला दिली गेली. त्यानंतर त्याने खेळ सोडला आणि वॉशिंग्टन राज्यात द्राक्षांचे मळे करून मद्य बनवण्याचा व्यवसाय केला. २०११ साली पेट्रियट्सच्या सन्मान-दालनात त्याचे नाव लागले. ब्रेडीने पेट्रियट्सकडून सहा सुपर बोल जिंकले. २०२० साली तोही तो संघ सोडून टँपा बेला गेला, तेथे सातवा जिंकला आणि २०२३ साली निवृत्त झाला. २०२४ च्या जानेवारीत बेलिचिक यांनीही तो संघ सोडला. जागा तेथेच राहिली, धनी बदलले.

आता तुम्ही विचाराल, ब्लेडसोला न्याय मिळाला का? कामावर असताना, कामासाठी धावताना जो जखमी झाला, त्याची जागा तो खाटेवर असताना जावी, हे कोणत्याही कष्टकऱ्याला रुचणारे नाही. आणि बेलिचिक यांचे चुकले, असेही म्हणवत नाही. नोव्हेंबरात त्यांच्यापुढे सहा विजयांची खात्री नव्हती, पुढच्या अजिंक्यपदांची तर नव्हतीच. होता तो अर्धवट पुरावा. त्यावरून त्यांनी संघाचे हित पाहिले, निर्णय उघडपणे सांगितला आणि तो पाळला. संघाचे भले झाले आणि एका भल्या माणसाचे नुकसान झाले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. एकीने दुसरी पुसली जात नाही.

शिक्षक मित्रांनो, ही हकीकत १९९ व्या क्रमांकाच्या मुलाची म्हणून जगभर सांगितली जाते, आणि मुलांना ती आवडतेही. शेवटच्या बाकावरचा मुलगा पहिला येतो, हे कोणाला आवडणार नाही? पण वर्गात सांगाल तेव्हा ती एकट्या त्याची म्हणून सांगू नका. हंगाम वाईट चाललेला असताना चौथी जागा राखून ठेवणारे होते, म्हणून तो मुलगा तेथे होता. ज्याने त्याला हेरले, त्याला फळ पाहायला मिळाले नाही. आणि जागा गेल्यावरही रोज सरावाला येणारा एकजण बाकावर बसलेला होता, म्हणून पिट्सबर्गला घोटा दुखावल्यावर गाडी अडली नाही. तुमच्या शाळेच्या संघातही राखीव मुले असतील. सामन्याच्या दिवशी त्यांची नावेसुद्धा फळ्यावर लिहीत जा.